सवतीचं माहेर

नवऱ्यानं मेलेल्या सवतीच्या नावानं हाक मारली तर बाईनं करावं तरी काय? कस्तुराबाईनं पहिल्या वेळी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी तिच्या हातून तव्यावरची भाकर करपली. तिसऱ्या वेळी मात्र ती पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "कोण सुगंधा? मी कस्तुरा हाय. डोळे गेले का तुमचे?"

सूर्यभान खाटेवर पाय सोडून बसला होता. सत्तरीला टेकलेला गडी, ऐन चैतातही खांद्यावर घोंगडी. ती काढा म्हटलं की भांडायचा. त्यानं बायकोकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "आवर लवकर. तुला माहेरी घालून येतो."

झालं. त्या दिवसापासून पडेगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कुणाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. माणसं धनगराची. सूर्यभानाची सगळी हयात पडेगाव, मिटमिटा आणि दौलताबादच्या डोंगरउतारावर मेंढरांमागं गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पोरानं, बन्सीनं, कळप विकून टाकला. बन्सी वाळूजला कंपनीत जायचा, सून आवडा छावणीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, आणि घरात दिवसभर ही दोघं. मेंढरं गेली तसा सूर्यभान आधी गप्प झाला, मग विसरायला लागला. तंबाखूची चंची विसरायचा, जेवलेलं विसरायचा, बन्सीला कधी कधी आपल्या भावाच्या नावानं बोलवायचा. म्हातारपण आहे, चालायचंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. पण सुगंधा?

सुगंधा ही त्याची पहिली बायको. पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसात, गेली, भारताची फौज यायच्या थोडीच आधी, तापानं. पुढं दोन वर्षांनी कस्तुरा या घरात आली ती सवतीला गळ्यात बांधूनच. रीतच तशी. दुसरेपणाच्या बायकोनं आधीच्या बायकोचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची छबी, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा. कस्तुरानं हे सगळं केलं, पण गुमान केलं असं कुणी म्हणू नये. पुरणाचा घास टाकासमोर धरून ती पुटपुटायची, "खा बाई, तूच खा आधी. माझ्या नशिबात तुझं उष्टंच."

सलत होतं ते मात्र निराळंच. इतक्या वर्षांत सूर्यभानानं सुगंधाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. कस्तुरानं आडून विचारलं, भांडून विचारलं. गडी उठून मेंढरांकडं चालता व्हायचा. बाईनं यातून काय समजायचं? तिनं समजून घेतलं की याचा सगळा जीव त्या मेलेलीत अडकलाय आणि आपल्या वाट्याला नुसता संसार आलाय. सुगंधाचं माहेर दौलताबादच्या किल्ल्याखालच्या वस्तीत. माणसं बरी होती. लेकीच्या जागी आलेली तीही लेकच, म्हणून सुरुवातीची काही वर्षं नागपंचमीला तिला न्यायला मुराळी पाठवायची. कस्तुरानं मुराळ्याला दारातून परत लावला. "माझं माहेर पळशीला हाय," ती म्हणाली, "मला दुसरं नको." त्या वस्तीत पाय ठेवायचा नाही हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायची तिला सवय नव्हती.

आता हाच माणूस तिला सुगंधा म्हणायला लागला. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग जरा ओसरल्यावर भीती वाटली. कारण तिच्या मनाला एक गोष्ट खात होती. गळ्यातला टाक झिजून झिजून गुळगुळीत झाला होता. नाक, डोळे काही उरलं नव्हतं. संक्रांतीच्या आगेमागे तिनं शहागंजातल्या एका सोनाराकडून तो आटवून नवा करून घेतला होता. चकचकीत, टपोऱ्या डोळ्यांचा. आणि त्यानंतर हे सुरू.

"म्याच तिला डोळे दिले," ती सुनेला म्हणाली. "निजली व्हती बिचारी, म्या उठवली. आता ती बगती, आन् ह्यांना तीच दिसती."

"आत्याबाई, मामांना दवाखान्यात दाखवू," आवडा म्हणाली.

"दवाखान्यात काय सवतीला सुई टोचणार हायेत?"

मग कस्तुराबाईनं आपले उपाय केले. टाक गळ्यातून काढून ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवला. म्हातारा दुसऱ्या दिवशीही म्हणाला, सुगंधा, आवर. मग ती मिटमिट्याच्या देवऋषाकडं गेली. त्यानं सांगितलं, बाई रुसलीय, तिला मान द्या. तेव्हा टाक कणगीतून परत निघाला, दुधानं धुतला गेला, त्याला दहीभात दाखवला, हिरवं लुगडं आणि चुडा दिला. सवतीची इतकी बडदास्त कस्तुरानं उभ्या जन्मात ठेवली नव्हती. "झालं का समाधान? सोड आता त्यांना," असं तिनं टाकाला सांगितलं, मग दरडावलं, मग हातसुद्धा जोडले. कशाचा काही उपयोग झाला नाही.

उलट सूर्यभान आता चालायला लागला. सकाळी चहा पोटात गेला की काठी घ्यायची, घोंगडी टाकायची आणि म्हणायचं, "सुगंधा, चल." ती नाही उठली तर एकटाच निघायचा, दौलताबादच्या रस्त्यानं. आता तो रस्ता काय पहिल्यासारखा राहिलाय? ट्रका, टेम्पो, लेणी बघायला निघालेल्या मोटारी. एकदा एका टेम्पोवाल्यानंच त्याला घरी आणून सोडलं. कोपर सोललेलं, धोतर फाटलेलं. भर रस्त्यात मधोमध उभा राहून मागं बघत होता म्हणे. कुणाला बघता म्हणून विचारलं तर म्हणाला, "मंडळी मागं राहिली."

त्या दिवशी बन्सीनं कुलूप आणलं.

"मेंढराला बी म्या कधी कुलूप लावलं नाय," कस्तुरा म्हणाली.

"मंग मरू द्यायचं का त्यायला ट्रकाखाली? सांग तू. मी कामावर जाऊ का राखण बसू?" बन्सीचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर तिला जास्त राग आला.

कुलूप लागलं. सूर्यभान आतून दारावर काठी आपटायचा. शिव्या नाही, आरडाओरडा नाही, नुसती काठी. ठक, ठक, जरा थांबून पुन्हा ठक. कस्तुराबाई चुलीपासून दारापर्यंत जायची, दारापासून चुलीपर्यंत यायची. कालवण खारट व्हायचं, नाहीतर अळणी. रांजण भरलेला असताना ती पुन्हा पाण्याला निघायची. शेजारच्या साळूबाईनं "बस की जरा, माय" म्हटलं तर तिच्यावरच खेकसली. बसून करायचं काय? बसलं की काठी ऐकू येते.

शेवटी कस्तुरा त्याला दवाखान्यात घेऊन गेली ती काठीला कंटाळून. शहरातला सरकारी दवाखाना, भली मोठी रांग, आणि आत एक तरुण डॉक्टरीण. तिनं सूर्यभानाला साल विचारलं, गाव विचारलं, तीन वस्तू सांगून जरा वेळानं पुन्हा विचारल्या. त्याला एकही सांगता आली नाही. मग ती कस्तुराबाईकडं वळली.

"आजी, मेंदूत बारीक बारीक पेशी असतात. मोजता येणार नाहीत इतक्या. त्या एकमेकींना निरोप देतात. जिथं एकीचा निरोप दुसरीला पोचतो तो सांधा समजा. जो सांधा वापरात राहतो तो पक्का होतो, वापर थांबला की ढिला पडतो. हे तुमच्या-माझ्या डोक्यातही रोज चालू असतं, म्हणून तर माणूस शिकतो आणि विसरतो. बाबांच्या डोक्यात मात्र आजारामुळं हे सांधे भराभर निखळायला लागलेत. आणि त्यात अलीकडचं आधी जातं. फार जुनं, विशेषतः जिवाला लागलेलं, ते मागं राहतं."

"म्हंजे सवत नाय आली?"

"कोण?"

"काय नाय." कस्तुराबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. मग म्हणाली, "पर बाई, मी अलीकडची हाय का? माजे केस बगा. दोन लेकरं झाली, एक गेलं. मी नवी कशी?"

डॉक्टरिणीनं कागद पुढं ओढला. गोळ्या लिहून देता देता म्हणाली, "तुम्ही गेला नाहीत आजी. तुमच्यापर्यंत यायची वाट मोडलीय. एक सांगू? नवीन सांधे जुळायचं अजून पुरतं थांबलेलं नाही. आत्ता सांगितलेलं त्यांना त्या घटकेपुरतं कळतं. टिकत नाही एवढंच. आणि कोंडून ठेवू नका त्यांना. कुठं जायचंय ते विचारा तरी."

वाट मोडलीय हे कस्तुराबाईला कळलं. पडेगावच्या टेकडीवर कळप विकल्यापासून मेंढरांच्या वाटांवर गवत माजलं होतं, आणि निजामाच्या वेळची गाडीवाट मात्र अजून लांबून दिसायची. पण कळलं म्हणून जिवाची कालवाकालव काही थांबली नाही. सवत अंगात आली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कुणाशी?

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कुलूप काढलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. काठी थांबली.

"कामून न्यायचं मला माहेरी?" तिनं विचारलं. सुगंधा होऊन तिनं बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तू रडती," सूर्यभान म्हणाला. "आल्यापासून रडती. माझी माय गाऱ्हानं करती, पोर जेवत नाय म्हनून."

"मंग नेलं का नाय?"

"पंचमीला नेतो म्हनलो व्हतो की. रस्त्यानं रझाकार फिरत व्हते, कसं नेऊ? वाट साफ झाली की घालतो म्हनलो." तो पुढं वाकला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. "आता फौज आली. वाट मोकळी झाली. कामून थांबायचं?"

कस्तुराबाईला आपला आवाज आपलाच वाटेना. "तुमचा लई जीव हाय का माझ्यावर?"

सूर्यभान गोंधळला. पुष्कळ वेळ त्यानं विचार केला. "तू बोलतच नाय माझ्याशी," तो म्हणाला. "तुला काय आवडतं ते बी मला ठाव नाय. नुसती रडती. मला लई वंगाळ वाटतं."

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी कस्तुरानं आपलं तरुणपण जाळलं होतं. ज्या सवतीचा तिनं जन्मभर हेवा केला ती एक भ्यालेली पोर होती, आईच्या आठवणीनं उपाशी राहणारी, आणि ज्याच्या प्रेमाचा तिला संशय होता तो एक विशीतला पोरगा होता, दिलेला शब्द राहून गेला म्हणून तोंड मिटून बसलेला. कस्तुराबाईला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं याचं? पण आता हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तो तर तिला ओळखत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच उठली. सवतीला दाखवलेलं हिरवं लुगडं नेसली, चुडा भरला. आवडानं विचारलं, कुठं निघालात, तर म्हणाली, "माहेरी. बन्सीला सांग, कुलूप फेकून दे."

पहाट फुटताच दोघं निघाली. डांबरी रस्ता तिनं टाळला, टेकडीच्या कडेकडेची जुनी वाट धरली. सूर्यभान पुढं, ती मागं, रीतीप्रमाणं. फरक एवढाच की तो दर थोड्या वेळानं मागं वळून बघत होता. ती आहे ना, थकली का, काटा भरला का. ओढा लागला तेव्हा त्यानं चक्क हात दिला. कस्तुरा त्याच्या मागनं जन्मभर चालली होती. डोक्यावर बिऱ्हाड, कडेवर पोर घेऊन चालली होती. हा माणूस तिच्यासाठी कधी वळला नव्हता. आज वळत होता तो सुगंधासाठी, आणि हात धरला होता कस्तुराचा. तिनं हात सोडवून घ्यावा असं एकदा मनात आणलं. सोडवला नाही.

किल्ल्याचा मनोरा दिसायला लागला तशी त्याची पावलं भरभर पडायला लागली. वस्तीवर भिकन दारातच होता. सुगंधाचा हा धाकटा भाऊ. ती गेली तेव्हा रांगत असेल-नसेल, आता पन्नाशीला आलेला. मेहुण्याला त्यानं ओळखलं, पण मागच्या बाईला ओळखायचं कसं? तिचं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

सूर्यभान अंगणात उभा राहिला. खाकरला. "ही घ्या तुमची पोर," तो म्हणाला. "पंचमीला आणायची व्हती. उशीर झाला. वाट बरी नव्हती."

भिकननं कस्तुराबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी त्यांची दुसरी. ह्यांना आता कायबी ध्यानात राहत नाय. लई दिसांपासून हट्ट हाय, म्हनून आलो." हे ती हळू बोलली, आणि मान खाली घातली, कारण याच घराचा मुराळी तिनं दारातून घालवला होता.

भिकनची बायको सरूबाई आतून सगळं ऐकत होती. ती एका हातात भाकर-तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काही विचारलं नाही, काही बोलून दाखवलं नाही. कस्तुराबाईवरून तुकडा ओवाळून लांब टाकला, पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "या वन्सं. घरात या."

कस्तुरानं उंबरा ओलांडला.

सूर्यभान ते बघत होता. बघता बघता त्याचे खांदे खाली आले. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाला. बसा म्हटलं, नको. "मेंढरं एकली हायेत," तो म्हणाला आणि काठी घेऊन वळला, आणि चालायला लागला. या खेपेला मागं वळून बघायचं त्याला कारण नव्हतं. पोर घरी पोचली होती.

कस्तुराबाई आत पाटावर बसलेली, हातात पाण्याचा पेला. माहेरी आणून सोडलेल्या लेकीनं लगेच नवऱ्यामागं पळत सुटावं, असं कुठं ऐकलंय का? पण तिनं पेला ठेवला आणि उठली. भिकन बरोबर यायला निघाला, तर त्याला हातानं थोपवलं. "पंचमीला मुराळी धाडा," ती म्हणाली, "आता परत नाय लावणार." आणि पदर खोचून निघाली.

वस्तीबाहेरच्या सीताफळीच्या बागांपाशी तिनं त्याला गाठलं. हाक मारायची तर कोण म्हणून मारायची? ती आपली मागं मागं चालत राहिली. हिरव्या चुड्याचा आवाज होत होता. जरा वेळानं तो थांबला, वळला. तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत ओळखीची खूण म्हणून नव्हती. सुगंधाही नव्हती.

"कोन गं माय तू? एकलीच निघालीस?"

इतके दिवस निदान कुणाच्या तरी नावानं तो तिला ओळखत होता. मग तिला वाटलं, बरंच झालं की. पाटी कोरी आहे.

"व्हय," ती म्हणाली. "पडेगावला जायचंय."

"मी बी तिकडंच चाललो. चल माझ्या संगं. वाट बरी नाय एकल्या बाईला." तो तिच्यासाठी थांबला, आणि ती बरोबरीनं आल्यावरच चालायला लागला. "कोन्या गावची?"

"पळशीची."

"नाव काय?"

"कस्तुरा."

त्यानं ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. "चांगलंय. लगीन झालंय?"

"झालंय."

"नवरा कसाय?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पळशीच्या आईबापानं विचारलं नाही, लेकानं विचारलं नाही. ती चालता चालता विचार करत राहिली. सांगण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी कळेना.

"बरा हाय," ती शेवटी म्हणाली. "पर माझ्याशी कधी बोलला नाय."

"आन् तू बोललीस का त्याच्याशी?"

"भांडले. बोलले नाय."

"मंग बोल की," सूर्यभान म्हणाला, जगातली सगळ्यात सोपी गोष्ट सांगावी तसा. "मला सांग. वाट लांब हाय."

आणि कस्तुराबाईनं सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या दिवसापासून. गळ्यात टाक बांधला तेव्हा कसं वाटलं, पहिलं पोर गेलं तेव्हा नवरा कळपाकडं निघून गेला आणि ती एकटी कशी रडली, तो पावसात भिजून यायचा तेव्हा त्याच्या घोंगडीचा वास तिला कसा आवडायचा, आणि हे त्याला सांगायची तिला किती लाज वाटायची. सूर्यभान हुंकार भरत ऐकत होता. कुठं "अरे अरे" म्हणायचा, कुठं त्या नवऱ्याला एखादी शिवी हासडायचा. मिटमिट्यापर्यंत येईतो त्यानं तीनचारदा मध्येच थांबवून विचारलं, "नाव काय म्हनलीस माय तुझं?"

"कस्तुरा," ती सांगायची, आणि गोष्ट जिथं तुटली होती तिथून पुढं बोलायला लागायची.